साहेब, एकदा स्टुलावर चढून बघा

प्रति,
जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत घरकुलं मंजूर करणारे, वीज पुरवणारे, सौर पॅनलचं अनुदान देणारे आणि विकासाच्या बैठका घेणारे सर्व अधिकारी व लोकप्रतिनिधी

विषय: छतावरच्या पॅनलआधी छताकडे बघण्याबाबत

महोदय,

मी वायरमन आहे. सरकारी नव्हे, खाजगी. परवाना खिशात, हत्यारांची झोळी खांद्यावर. पांझरा आणि बोरी या दोन नद्यांच्या मधल्या कोरडवाहू पट्ट्यातलं माझं गाव. सव्वीस वर्षं लोकांच्या घरांत फिटिंग करतोय, जळालेल्या पंख्या-मोटारींच्या कॉइल भरतोय, आणि गेल्या दोन वर्षांपासून गच्चीवर सौर पॅनलही बसवतोय. मला पत्रं लिहायची सवय नाही, अंदाजपत्रकं लिहायची आहे. हे पत्र मध्येच अंदाजपत्रकासारखं वाटलं तर चालवून घ्या.

पंखा बसवताना वायरमनला जे कळतं ते खाली खुर्चीवर बसलेल्याला कळत नाही. मे महिन्यात दुपारी तीनला घरकुलात स्टुलावर चढलं, की पाय एका गावात आणि डोकं दुसऱ्या गावात असतं. फरशीजवळ नुसतं उकडतं, पण वर, स्लॅबखाली हातभर अंतरावर, भाकरी उलटताना चुलीवर वाकावं तशी धग तोंडावर येते. हुकात पंखा अडकवताना मनगट स्लॅबला टेकलं तर आपोआप मागे येतं. आणि मी लावलेला पंखा त्याच तापलेल्या थरातली हवा ओढणार आणि खाली झोपलेल्या म्हातारीच्या अंगावर सोडणार. मजुरी घेऊन असा पंखा लावताना कधीकधी लाज वाटते.

हे पत्र लिहायचं कारण मात्र एका ओळीचं आहे. आमच्या गावाने ग्रामसभेत ठराव करून एक प्रस्ताव पाठवला होता. तो परत आला. वर शेरा होता: "सदर बाब मार्गदर्शक सूचनांत नमूद नसल्याने प्रस्ताव परत करण्यात येत आहे." खाली सही, शिक्का. कोणत्या कार्यालयाचा शिक्का ते लिहीत नाही. सही करणाऱ्या माणसाशी माझं भांडण नाही. त्याच्या जागी दुसरा असता तरी त्याने हेच लिहिलं असतं, आणि माझी तक्रार नेमकी तीच आहे.

प्रस्ताव काय होता ते आधी सांगतो, कारण तो कोणी वाचला असेल असं मला वाटत नाही.

गावात अडतीस घरकुलं आहेत. प्रत्येक घराच्या स्लॅबवर चुन्याचे दोन हात, चुन्यात खळीऐवजी चिकटवण्याचं रसायन, म्हणजे पावसाने लगेच धुऊन जाणार नाही. मजुरीसकट अठराशे रुपये. प्रत्येक घराला नीट अर्थिंग, म्हणजे गळका करंट जमिनीत उतरवायची सोय; पाइप, कोळसा, मीठ आणि तार धरून सोळाशे. आणि जुने पंखे काढून दोन कमी विजेचे पंखे, छप्पन्नशे. घरामागे एकूण नऊ हजार. यातले पंख्यांचे छप्पन्नशे गावकऱ्यांनी स्वतः भरायचे होते: बचत गटाने पतसंस्थेकडून उचल घ्यायची आणि घराने महिन्याला दोनशे रुपये असे अठ्ठावीस हप्ते फेडायचे. चुना मारायचं काम गटातल्या बायका करणार होत्या. अर्थिंग आणि मोजमाप आयटीआयच्या वीजतंत्री शाखेची पोरं करणार होती, त्यांचे निदेशक तोंडी हो म्हणाले होते. सरकारकडे आम्ही फक्त चुना आणि अर्थिंगचे पैसे मागितले. घरामागे चौतीसशे. अडतीस घरांचे एक लाख एकोणतीस हजार दोनशे. एका घरकुलाचं मूळ अनुदान एक लाख वीस हजार असतं. म्हणजे एका घराच्या पैशात, वर नऊ हजार टाकून, अडतीस घरं राहण्याजोगी होणार होती.

ते "नमूद नाही".

आता माझा यात काय संबंध ते.

आमचं जुनं घर धाब्याचं होतं. खान्देशाबाहेर वाढलेल्या साहेबांसाठी सांगतो: दीड-दोन हात जाडीच्या मातीच्या भिंती, सागाच्या खांबांवर सरे, त्यावर कड्या, कड्यांवर फळ्या, मग पाला, मग मातीचा जाड थर आणि सगळ्यात वर खारी माती. उतार नाही, सपाट. धूर जायला छताला साणं. दर वर्षी पावसाआधी धाब्यावर खारी टाकायची, चोपायची. मी धाब्याची आरती ओवाळायला बसलेलो नाही. धाबं गळतं. कड्यांना वाळवी लागते, सांदीत विंचू निघतात, आणि झडीच्या पावसात भिंत बसली तर माणसं मरतात. म्हणून पक्कं घर हवंच होतं, आणि मोठ्या भावाचं नाव घरकुलाच्या यादीत आलं तेव्हा आम्ही पेढे वाटले. धाबं पाडायला मी स्वतः पहार घेतली होती. पाडताना एक गोष्ट लक्षात आली, तेव्हा तिचं काही वाटलं नाही: बाहेर चैत्राचं ऊन, आणि आतली माती हाताला गार लागत होती.

त्या जागी पंचवीस चौरस मीटरचं घरकुल उभं राहिलं. सरकारी मापाने किमान तेवढंच. चार इंची स्लॅब, वर काही नाही. बाजूला निंब होता तोही पाया खणताना अर्धा गेला.

मायने पहिल्याच उन्हाळ्यात सांगून टाकलं, "पोऱ्या, मी नही जास त्या डब्बामा. मन्हा जीव घाबरस तठे." आम्ही हसलो. मग आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आली. दोन्ही बहिणी पोराबाळांसह माहेरी आल्या. आखाजीला माहेर म्हणजे झोका, सांजोऱ्या आणि दुपारची लांबलचक झोप. एवढ्यासाठी लेकीबाळी वर्षभर वाट बघतात. त्या दुपारी सगळ्या बायका, पोरं, माय, अर्ध्या उरलेल्या निंबाखाली गोधड्या टाकून बसल्या होत्या आणि दार सताड उघडं असलेलं नवं घर रिकामं पडलं होतं. धाकटीने उंबऱ्यात पाय ठेवला नि परत फिरली. "हाई घर शे का भट्टी?" असं म्हणाली. भावाने मान खाली घातली, कारण त्या भट्टीसाठी अनुदानावर स्वतःचे दीड लाख त्याने उसनवारीने घातले होते. पुढच्या वैशाखात मायला चक्कर आली, दोन सलाइन लागल्या. आता ती उन्हाळाभर शेजारच्या चुलत्याच्या धाब्यात झोपते. सरकारच्या यादीत ते घर अजून "कच्चं" आहे.

मी शास्त्रज्ञ नाही, पण मीटर बघायची सवय आहे. यंदा भिंतीवर लावायचे तीन सारखे तापमापक आणले. एक भावाच्या घरकुलात, एक माझ्याच हाताने चुना मारलेल्या शेजारच्या घरकुलात, एक चुलत्याच्या धाब्यात. रामनवमीनंतर बारा रात्री, दहा वाजता, वहीत आकडे लिहिले. भावाकडे ३८-३९ अंश. चुना मारलेल्या घरात ३५-३६. धाब्यात ३३-३४. तीन घरांचं मोजमाप म्हणजे अभ्यास नव्हे, हे मला कबूल आहे. अडतीस घरांत मोजायचं होतं, म्हणूनच तर प्रस्ताव केला होता.

आता तक्रारी.

पहिली तक्रार छताची. खान्देशात घराचा शत्रू कोण, हे सांगायला कोणी तज्ज्ञ लागत नाही. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात पंचेचाळीसच्या पुढे जातो, आणि लहान घरात ऊन सगळ्यात जास्त आत येतं ते वरून. उघडा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री घरात ओकतो. हे सरकारला ठाऊक नाही असं नाही. केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोने २०१८ मध्ये 'इको निवास संहिता' काढली. त्यात छतातून किती उष्णता आत यावी याची मर्यादा घातली आहे: दर चौरस मीटरला, दर अंशाच्या फरकाला १.२ वॅट. आपला साधा चार इंची स्लॅब या मर्यादेच्या तिपटीच्या घरात जातो. पण ही संहिता पाचशे चौरस मीटर आणि त्याहून मोठ्या भूखंडांवरच्या इमारतींसाठी. म्हणजे ज्यांच्याकडे एसी घ्यायला पैसे आहेत, त्यांच्या छताला नियम. आणि ज्याच्या डोक्यावर छतच सरकार घालतं, त्याला काहीच नाही. तेलंगणाने एप्रिल २०२३ मध्ये थंड छतांचं धोरण आणलं, त्यात सरकारी योजनेतली गरिबांची घरंही धरली. अहमदाबाद तर आमच्या पोरांच्या रोजच्या बोलण्यातलं गाव. सुरतेची गाडी पकडली की पुढे तेच. तिथल्या महापालिकेने २०१० च्या उन्हाळ्यात माणसं मेलेली बघितली आणि २०१३ मध्ये, आरोग्य संस्थांना सोबत घेऊन, उष्णतेचा कृती आराखडा केला. पुढे त्यात छतं पांढरी करणंही आलं. आमच्याकडे उन्हाळ्यात काय येतं? "दुपारी बारा ते चार घराबाहेर पडू नका" असा मोबाइलवर संदेश. घरातच भट्टी असेल तर माणसाने जायचं कुठे, ते त्यात लिहिलेलं नसतं.

आणि "मार्गदर्शक सूचनांत नमूद नाही" हे तर खरंही नाही. मी सूचना वाचल्या. इंग्रजी फार येत नाही, पुतणीकडून वाचून घेतल्या. घरकुलं ज्यातून होतात त्या प्रधानमंत्री आवास योजनेत स्थानिक साहित्य आणि स्थानिक हवामानाला साजेसे नकाशे वापरायला मुभा आहे. केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयाने संयुक्त राष्ट्रांच्या यूएनडीपीला आणि दिल्लीच्या आयआयटीला सोबत घेऊन वेगवेगळ्या प्रदेशांतल्या घरांच्या नमुन्यांचा 'पहल' नावाचा संग्रहही केला आहे. गवंड्यांना प्रशिक्षण द्यायची तरतूद आहे. आमच्याकडच्या एकाही घरकुलवाल्याला यातला एकही नकाशा कोणी दाखवलेला नाही. साक्रीच्या माळावर, तापीकाठच्या काळ्या जमिनीत आणि सातपुड्यात धडगाव-अक्कलकुव्याला, जिथे पावरा-भिल्लांची कुडाच्या भिंतींची, कौलांची, वारा खेळणारी घरं होती, सगळीकडे तोच एक डबा. माय त्याला डब्बा म्हणाली ते उगीच नाही.

दुसरी तक्रार पॅनलची, आणि ही करताना मी माझ्याच पोटावर पाय देतोय. छतावर पॅनल बसवायच्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला तीस हजार, दोनला साठ, तीन आणि पुढे अठ्ठ्याहत्तर हजार अनुदान आहे. योजना चांगली आहे, माझा प्रपंच तिच्यावर चालतो. राज्याने २०२५ मध्ये घरकुलाच्या अनुदानात पन्नास हजारांची वाढ केली, तिथेही सौरऊर्जेचा विचार झाला. पण मला सांगा, गळक्या बादलीत पाणी भरायचं असेल तर माणूस आधी नळ मोठा करतो की भोक बुजवतो?

हिशेब असा आहे. साधा छताचा पंखा ७५ वॅटचा. आमच्याकडे चैत्र-वैशाखात पंखा वीस तास फिरतो, म्हणजे दिवसाला दीड युनिट, महिन्याला पंचेचाळीस. दोन पंख्यांचे नव्वद. बल्ब, टीव्ही आणि मोबाइल धरले की घर शंभर युनिटांची पायरी ओलांडतं, आणि शंभरापुढचं युनिट बरंच महाग पडतं. आता नव्या जातीचे बीएलडीसी पंखे आले आहेत. ३० वॅटच्या आसपास घेतात. महिन्याला अठरा युनिट. दोन पंख्यांमागे चोपन्न युनिट वाचले. युनिट पाच-सहा रुपये धरलं तरी उन्हाळ्याच्या महिन्यात पावणेतीनशे ते सव्वातीनशे रुपये. दोनशेचा हप्ता त्यातूनच फिटतो, थंडीत थोडा खिशातून जाईल. फरक एवढाच, की हा पंखा दुकानात हजार-बाराशेने महाग आहे, आणि हजार रुपये एकदम काढणं हातावर पोट असलेल्याला जमत नाही. म्हणून तो चौदाशेचा घेतो आणि दर महिन्याला दंड भरतो. वीस तास फिरून कमी व्होल्टेजवर त्याची कॉइल जळते ती वेगळीच, ती भरायचे पैसे मी घेतो.

यावर उपाय देशाने एकदा करून दाखवला आहे. २०१५ मध्ये उजाला योजना आली. चार सरकारी कंपन्यांनी मिळून उभारलेल्या ईईएसएलने एलईडी बल्बची एकगठ्ठा खरेदी केली, वीज वितरण कंपन्यांनी ते वाटले, बिलातून हप्ते घ्यायचीही सोय ठेवली. तीनशेच्या पुढचा बल्ब शंभराच्या खाली आला. देशभरात छत्तीस कोटींहून जास्त बल्ब गेले. आता आमच्या पाड्यावरच्या झोपडीतसुद्धा जुना पिवळा बल्ब शोधून सापडत नाही. त्याच ईईएसएलने नोव्हेंबर २०२३ मध्ये एक कोटी पंख्यांचा कार्यक्रमही जाहीर केला. माझा रोजचा धंदा पंख्यांचा, मला तो पंखा आमच्या तालुक्यात अजून दिसलेला नाही.

आधी छत पांढरं करा, मग पंखे बदला, मग जेवढी वीज लागते तेवढंच पॅनल बसवा. एक किलोवॅटचं पॅनल दिवसाला चार युनिटांच्या आसपास वीज देतं. नीट केलेल्या घरकुलाला ते पुरून उरतं. आज काय होतं? विक्रेता येतो, तीन किलोवॅट लिहितो, कर्ज काढून देतो. स्लॅब तापतच राहतो. शिवाय तापलेलं पॅनल वीजही कमी देतं: पंचवीस अंशांच्या वर प्रत्येक अंशाला साधारण पाव ते अर्धा टक्का उतरतं, आणि आमच्या गच्चीवर उन्हाळ्यात पॅनलचं तापमान पासष्टला जातं. हे मी गिऱ्हाइकाला सांगतो. दोन गिऱ्हाइकं गेली त्यात. जाऊ द्या.

तिसरी तक्रार सगळ्यात मोठी. तुम्ही सगळे वेगवेगळे बसता.

घरकुलाचा विभाग वेगळा, विजेचा वेगळा, सौर पोर्टल वेगळं, बचत गटाचं 'उमेद' वेगळं, आयटीआयचं खातं वेगळं, आरोग्याचं वेगळं. कागदावर याला 'अभिसरण' म्हणतात. शब्द मोठा छान आहे. घरकुलाला रोजगार हमीतून नव्वद दिवसांची मजुरी, शौचालयाचे बारा हजार, गॅसची जोडणी, विजेचं मीटर, हे सगळं एकत्र येतं ते या अभिसरणातून. पण ते येतं कसं? चार कार्यालयांचे चार शिक्के एका फायलीवर. घरात चार माणसं एकत्र येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "इथे माणूस राहील कसा?" असं माझ्या सव्वीस वर्षांत एकदाही घडलं नाही.

आणि हे खान्देशात घडू नये याचं जास्त वाईट वाटतं, कारण एकत्र येऊन काय होतं ते आपण देशाला दाखवलेलं आहे. ठिबक आठवा. नळ्यांतून थेंबथेंब पाणी देऊन केळी होईल म्हटल्यावर आमचे आजोबा हसले होते. मग काय झालं? कारखानदाराने नळी बनवली, सरकारने अनुदान दिलं, बँकेने कर्ज दिलं, कृषी सहायक बांधावर आला, विक्रेत्याने फिल्टर साफ करायला शिकवलं आणि शेतकऱ्याने स्वतःचे पैसे घातले. यातला एक जरी मागे राहिला असता तरी नळ्या गोठ्यात पडून उंदरांनी खाल्ल्या असत्या. आज जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन आहे. साक्री तालुक्यात बारीपाड्याने जंगल राखलं, तिथल्या चैत्राम पवारांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तेही गाव, संस्था आणि वनखातं एका जागी बसल्यामुळेच. हे आम्हाला जमतं. घराच्या बाबतीत कोणी बसवलं नाही एवढंच.

केळीचं निघालंच आहे तर एक सांगतो, मनात खुपणारं आहे. केळीच्या बागेला उष्ण वारा लागू नये म्हणून भोवती शेवरी नाहीतर गजराज गवत लावतात. घडाला स्कर्टिंग बॅग घालतात. रोपाला क्रॉप कव्हर. आणि हवामानावर आधारित पीक विम्यात, पारा ठरलेल्या आकड्याच्या वर ठरलेले दिवस सलग राहिला, की केळीवाल्याला भरपाई मिळते. मिळालीच पाहिजे. पण त्याच बागेत घड वाहणारी बाई संध्याकाळी ज्या स्लॅबखाली जाते, तिथल्या पाऱ्याची नोंद घेणारं खातं कोणतं? केळीला किती ऊन सोसतं याचा आकडा सरकारकडे आहे. माझ्या मायला किती सोसतं याचा नाही.

चौथी तक्रार लहान आहे पण जीवघेणी. घरकुलात वीज जोडणी देताना अर्थिंग बघितलंच जात नाही. एक बोर्ड, दोन होल्डर, झालं फिटिंग. आमच्याकडे घरोघरी लोखंडी पत्र्याचे कूलर आहेत, गावातच बनवलेले. ओल्या फरशीवर उभं राहून बाई त्यात पाणी ओतते आणि पत्र्यात करंट उतरलेला असतो. दर उन्हाळ्यात अशी एखादी बातमी येते आणि आपण "शॉक लागून मृत्यू" वाचून पान उलटतो. सोळाशे रुपयांची गोष्ट आहे. शिवाय त्या कूलरला दिवसाला चाळीस-पन्नास लिटर पाणी लागतं, आणि वैशाखात आम्ही टँकरची वाट बघत असतो. जूनमध्ये हवा दमट झाली की कूलर नुसता आवाज करतो.

चुलीबद्दल थोडक्यात. उज्ज्वलाची टाकी घरात आहे, पण भरायला पैसे नसले की पऱ्हाटी, म्हणजे कपाशीच्या काड्या, पेटतेच. धाब्याला साणं होतं. पंचवीस चौरस मीटरच्या डब्यात चूल आतच, आणि धूर जायला एक खिडकी, तीही बहुतेक गल्लीच्या बाजूला म्हणून बंद. नकाशात छताखाली दोन झरोके काढायला किती खर्च येतो?

एका साहेबांनी मला एक चांगला प्रश्न विचारला होता, तो लपवत नाही. ते म्हणाले, "धुळ्याला थंडीही कडक पडते. पांढरं छत हिवाळ्यात आणखी गारठा करणार नाही का?" थोडा करेल. धुळ्याचा पारा थंडीत एक आकड्यावर येतो, खरं आहे. पण चुना पावसाने आणि धुळीने दिवाळीपर्यंत बराच मळतो, आणि थंडीत माणूस गोधडी घेऊ शकतो, उन्हाळ्यात कातडी काढू शकत नाही. खरा उपाय म्हणजे दोन्ही ऋतूंत चालणारा थर: विटांच्या तुकड्यांचा कोबा, उलटी मडकी पसरून वर कोबा, किंवा फरशीचे पांढरे तुकडे. तो महाग पडतो. आम्ही चुना मागितला तो आमच्या ऐपतीत बसतो म्हणून. दर वर्षी मारावा लागेल म्हणता? धाब्यावर दर वर्षी खारी टाकणाऱ्या लोकांना तुम्ही हे सांगता आहात.

आमच्या मागण्या या:

१. आमच्या गावाचा परत आलेला प्रस्ताव पुन्हा उघडा. मंजूर करा, किंवा कोणत्या नियमाने नाकारला तो नियम क्रमांकासह लेखी द्या.

२. तिन्ही जिल्ह्यांत यापुढे होणाऱ्या प्रत्येक घरकुलाच्या अंदाजपत्रकात छताचा थर, दोन झरोके आणि अर्थिंग या तीन बाबी धरा. शेवटचा हप्ता देताना शौचालय तपासता तसं अर्थिंगही तपासा.

३. लाभार्थ्याला काम सुरू होण्याआधी किमान तीन नकाशे दाखवा, त्यातला एक तरी इथल्या उन्हाला धरून असावा. चांगलं असलेलं धाबं पाडायची सक्ती नको. धाब्याच्या दुरुस्तीला आणि मजबुतीला अनुदान मिळायची वाट काढा.

४. वीज कंपनीने उजालासारखे बिलाच्या हप्त्यावर कमी विजेचे पंखे द्यावेत. सुरुवात घरकुलांपासून करावी.

५. सूर्यघरचा अर्ज घेताना घराचा लोड आधी तपासावा. तपासणी आयटीआयच्या विद्यार्थ्यांकडून करून घेता येईल. त्यांना प्रात्यक्षिक मिळेल, घराला हिशेब मिळेल.

६. प्रत्येक तालुक्यात वर्षातून निदान दोनदा, एकदा माघात आणि एकदा पावसाआधी, घरकुल, वीज, 'उमेद', आयटीआय, आरोग्य आणि ग्रामपंचायत यांनी एका टेबलावर बसावं. जळगावच्या बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला आणि इथल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना मोजमापासाठी बोलवा. राज्याच्या 'माझी वसुंधरा' या पर्यावरणाच्या अभियानात गावाला गुण देताना पांढऱ्या छतांनाही गुण द्या, म्हणजे सरपंच स्वतः चुना घेऊन धावतील.

यात नवीन पैसा फारसा लागत नाही. भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून वीज होते, साक्रीच्या माळावर सौर प्रकल्प आहे, ब्राह्मणवेलला पवनचक्क्या फिरतात. वीज बनवायला खान्देश कमी पडलेला नाही.

प्रस्तावाची प्रत, ग्रामसभेचा ठराव आणि बारा रात्रींच्या नोंदींची वही ग्रामपंचायतीत ठेवली आहे. कोणालाही बघता येईल. ज्यांना वहीवर विश्वास नाही त्यांनी मे महिन्यात दुपारी तीनला भावाच्या घरी यावं. चहा नाही देणार, ताक देऊ. स्टूल मी आणतो.

आपला,
एक वायरमन
(आणि ग्रामसभेत हात वर केलेले एकशे बारा गावकरी)

ता. क. हे साहेबांसाठी नाही, गावकऱ्यांसाठी आहे. लोखंडी कूलरमध्ये पाणी भरण्याआधी नुसतं बटण बंद करू नका, पिन काढा. पायात चप्पल असू द्या. आणि पत्र्याला हात लावल्यावर मुंग्या आल्यासारखं वाटलं तर "थोडाच करंट आहे" म्हणून चालवून घेऊ नका, त्याच दिवशी वायरमनला बोलवा. मला नाही बोलावलं तरी चालेल, पण बोलवा.